जावयानं बदललेल्या तारा

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत जावयाची काही चूक नाही. निदान जावयाला तसं वाटत होतं, लेकीला वाटत होतं आणि बायकोला तर शंभर टक्के वाटत होतं. राहता राहिले खर्जमास्तर. त्यांना त्या संध्याकाळी जावयाची मानगूट धरून त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण एकदा सासरा झालं की माणसाला जावयाच्या बाबतीत सगळं करता येतं, तेवढं एक सोडून.

खर्जमास्तर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गाण्याच्या धंद्यातल्या लोकांनी पाडलेलं. मास्तर बास गिटार वाजवत, म्हणजे गाण्यातला खालचा, जाड, खर्जातला आवाज. तो वाजत असतो तोवर कुणाचं लक्ष नसतं आणि बंद पडला की गाणं लंगडायला लागतं. आता हे ज्याला कळतं त्याला कळतं. शेजारी विचारायचे, ‘‘तुमच्या गिटारला दोन तारा कमी का हो?’’ मास्तरांनी पहिली काही वर्षं नीट समजावून सांगितलं. पुढे पुढे ते म्हणायला लागले, ‘‘होत्या. विकून खाल्ल्या.’’

बायकोची तऱ्हा वेगळी नव्हती. रेडिओवर मास्तरांनी वाजवलेलं गाणं लागलं की ती बिचारी हातातलं काम टाकून यायची, कान देऊन ऐकायची आणि शेवटी विचारायची, ‘‘यात तुम्ही कुठे?’’ मास्तर बोट वर करून दाखवायचे, ‘‘हे बघ, हे, आत्ता गेलं ते!’’ ती मान डोलवायची. तिला काही ऐकू आलेलं नसायचं. संसार झाला, लेक वाढली, लग्न होऊन गेली, पण नवरा नेमकं काय वाजवतो हे बाईच्या कानावर कधी पडलं नाही. मास्तर यावर विनोद करायचे खरे, पण ते आत कुठे तरी खुपत होतं.

बासकडे ते आले तेही काही आवडीनं नाही. तरुणपणी एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात साधी गिटार वाजवायला गेले. तिथे गिटारवाले पायलीचे पन्नास. बास वाजवणारा मात्र भांडून निघून गेला होता. वाद्यवृंदाच्या म्होरक्यानं यांच्या हातात बास दिला आणि म्हणाला, ‘‘हे घे. तारा कमी आहेत, चुकाही कमी होतील.’’ सगळे हसले. मास्तरांनी दात-ओठ खाल्ले आणि मनाशी ठरवलं, याच्यावर असं वाजवून दाखवीन की तुमच्या तोंडचं पाणी पळेल.

आणि दाखवलं, खोटं कशाला बोला. इतर बासवाले उजव्या हाताची दोन बोटं आलटून पालटून चालवतात, कुणी तीन चालवतात, कुणी अंगठ्यानं तार बडवून फटाके फोडतात. मास्तर फक्त तर्जनी चालवायचे. एकच बोट, आकड्यासारखं वाकवलेलं. त्या एका बोटातून असे झरझर स्वर निघायचे की स्टुडिओत काचेपलीकडे दुसरे बासवाले नुसते तो हात बघायला येऊन उभे राहायचे. मग घरी जाऊन तसं करायला बघायचे आणि बोटाला फोड आणून बसायचे. डाव्या हाताचं त्यांचं गणित निराळं होतं. ते म्हणत, ‘‘बाकीची बोटं देवानं दिलेली असतात, करंगळी मात्र कमवावी लागते.’’ त्यांनी ती कमावली होती. जाड तारेवर करंगळी अशी बसायची की पहिल्या बोटाचा स्वर कुठला आणि करंगळीचा कुठला, हे सांगून दाखवावं कुणी!

सामानाच्या बाबतीत गडी हट्टी. चार तारांचा एकच बास, कोपर घासून घासून रंग उडालेला. पाच तारांचे आले, सहा तारांचे आले, यांनी ढुंकून पाहिलं नाही. अँप, म्हणजे बासचा आवाज मोठा करणारी पेटी, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, धूड नुसतं, तापायलाच वेळ घ्यायचा. पण खरी गोम तारांत होती. तारा चपट्या गुंडाळीच्या, हाताला फितीसारख्या गुळगुळीत, आणि एकदा बसवल्या त्या बसवल्या. साध्या गिटारवाल्याच्या तारा महिन्या-दोन महिन्यांत निस्तेज होतात, तो त्या काढून टाकतो. मास्तरांचं उलटं. तार जितकी जुनी, जितका तिच्यात घाम आणि तेल मुरलेलं, तितकी ती त्यांच्या कामाची. तिची खणखण मरते, ओरखडे मरतात, आणि उरतो तो गोल, भरीव, आखूड आवाज. लाकडी जमिनीवर धान्याचं पोतं टेकवावं तसा. शिवाय घोडीपाशी, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिथे, त्यांनी भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा कापून तारांखाली खुपसला होता. उरलीसुरली झणझण तो गिळायचा. तारा बोटांखालच्या पट्टीपासून उंच ठेवलेल्या, दुसऱ्या कुणाला दाबवायच्या नाहीत इतक्या. मास्तरांचा आवाज म्हणून जो काही होता तो या सगळ्या घाणीत होता. हो, घाणच. बाहेरच्या माणसाला ती घाणच दिसणार.

आणि बाहेरचा माणूस आला तो जावयाच्या रूपानं. जावई तसा गुणी मुलगा. चष्म्याच्या दुकानात काम. नजर बारीक, हात स्वच्छ, खिशात कायम इवलासा पेचकस. दुसऱ्याच्या घरात गेला तरी दाराची सैल कडी घट्ट करून येईल अशातला. हौस म्हणून गिटार वाजवायचा, साधी, सहा तारांची. त्यामुळे तो स्वतःला मास्तरांच्या बिरादरीतला समजे, आणि मास्तर तोंडदेखलं समजू देत.

नेमकी तेव्हाच मास्तरांच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट घडत होती. ज्या संगीतकाराकडे ते कितीतरी वर्षं वाजवत होते, त्यानं एक गाणं केलं होतं. त्याची सुरुवात नुसत्या बासनं. ढोल नाही, पेटी नाही, काही नाही. बास एकटा वाजणार, मग गायिकेचा आवाज येणार. आणि मध्यावर पुन्हा सगळे थांबणार आणि बासचा एक अवघड, द्रुत तुकडा, वरून खाली धबधब्यासारखा. संगीतकार म्हणाला होता, ‘‘मास्तर, हे तुमच्यासाठीच लिहिलंय. जन्मभर सगळ्यांच्या खाली वाजवलंत, आता एकदा वर या.’’

मास्तरांनी घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं, ‘‘यात मी कुठे, हे तुला विचारावं लागणार नाही.’’ ते सांगताना त्यांचा आवाज जरा हलला. बायकोच्या ते लक्षात आलं. त्यानंतर रोज तो तुकडा घासणं चालू होतं.

ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी अँपचा एक व्हॉल्व्ह कुरकुरायला लागला म्हणून मास्तर नवा आणायला बाजारात गेले. तेवढ्यात लेक-जावई आले. मास्तर परत येतात तो दारातच लेक म्हणाली, ‘‘बाबा, डोळे मिटा.’’

‘‘कशाला?’’

‘‘मिटा तर!’’

मिटले. हाताला धरून तिनं आत नेलं. डोळे उघडले तर समोर बास. पण कसला? चकाचक! पट्टी तेल लावून पुसलेली, खुंट्या लखलखीत, आणि चार नव्याकोऱ्या तारा, खरखरीत गुंडाळीच्या, चांदीसारख्या.

‘‘उद्या एवढं मोठं रेकॉर्डिंग,’’ जावई नम्रपणे म्हणाला, ‘‘म्हटलं, बाबांना वेळ मिळत नसेल. जुन्या तारा पार काळ्या पडल्या होत्या हो! आणि उंच किती! हाताला त्रास होत असेल तुमच्या, म्हणून सगळ्या खाली बसवून दिल्या. आणि गंमत सांगू का? घोडीपाशी चक्क भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा अडकला होता! कसा गेला असेल आत?’’

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर जावई, शेजारी लेक, पलीकडे पदराला हात पुसत कौतुकानं बघणारी बायको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

‘‘वा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘छान. आणि त्या जुन्या तारा... कुठे ठेवल्यात, जावईबापू?’’

‘‘टाकल्या ना! अख्ख्या टाकल्या तर कचरेवाल्याच्या हाताला टोकं लागतात, म्हणून बारीक तुकडे केले. आत्ताच गाडी आली होती.’’

बघा, माणूस किती भला! कचरेवाल्याच्या हाताचीसुद्धा काळजी. शिव्या द्यायला कुठे जागाच ठेवली नव्हती त्यानं. मास्तर चहा प्यायले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, दोघांना दारापर्यंत सोडायला गेले, ‘‘सांभाळून जा’’ म्हणाले, दार लावलं आणि मग त्यांच्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला!

‘‘अक्कल आहे की नाही माणसाला? कुणी सांगितलं होतं? बोलावलं होतं त्याला? चष्मे पुसतो ना, मग चष्मे पुस म्हणावं! माझं आयुष्यच पुसून ठेवलं!’’

‘‘अहो, हळू. चांगल्या मनानंच केलंय त्यानं.’’

‘‘वाईट मनानं केलं असतं तर परवडलं असतं! निदान कानाखाली तरी वाजवता आली असती!’’

‘‘तारा तर आहेत. नव्या आणल्यात त्यानं पदरच्या पैशानं.’’

‘‘नव्या आहेत हेच तर दुखणं आहे!’’ मास्तर ओरडले, आणि हे वाक्य आपल्या बायकोला या जन्मात समजायचं नाही हे त्यांना ओरडतानाच कळत होतं.

दुकानात फोन केला. चपट्या तारा मागवाव्या लागतील, चार-आठ दिवस लागतील. आणि आल्या तरी काय? त्याही नव्याच, मुरायला वर्षं जाणार. मग ओळखीच्या एका बासवाल्याला फोन केला. त्याच्याकडे जुन्या चपट्या तारा होत्या, पण त्या त्याच्या बासवर चढवलेल्या होत्या आणि त्याचा दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम. तो म्हणाला, ‘‘मास्तर, तुमच्यासाठी जीव देईन. पण तारा कशा देऊ? तोंडातले दात उसने मागितल्यासारखं झालं हे.’’

मग सुरू झाले उपाय. स्वयंपाकघरातला नवा स्पंज कापून घोडीपाशी खुपसला. तारांना तेल चोळलं, तर बोटं घसरायला लागली. ते पुसून साबण चोळला, तर बोटं चिकटायला लागली. पुसून पुन्हा पावडर लावली. तारा पेचकसानं पुन्हा उंच केल्या. तरी आवाज टणटणीत तो टणटणीतच. बोट पट्टीवरच्या एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर सरकलं की चर्र व्हायचं. आणि तो मधला द्रुत तुकडा आला की मध्येच काहीतरी खर्रकन घासायचं, एखादा स्वर अर्धवट पडायचा.

‘‘तारांचीच खोडी ही,’’ मास्तर दर वेळी पुटपुटत. ‘‘नव्या तारा साल्या.’’

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘‘अहो, ते मधे काहीतरी अडकतंय हो. खाली येताना. दर वेळी तिथेच.’’

मास्तरांचा हात थांबला. एवढ्या संसारात या बाईला त्यांचा बास आज पहिल्यांदा ऐकू आला होता, आणि ऐकू काय आलं, तर अडकणं! हसावं की रडावं हेच त्यांना कळेना.

‘‘तारांमुळे आहे ते!’’

‘‘असेल. मला काय कळतंय?’’ ती म्हणाली. आणि मग भांडी लावता लावता, अगदी सहज, ‘‘म्हणतात ना, नाचता येईना...’’ एवढं बोलली आणि जीभ चावून गप्प बसली.

पुढचं वाक्य काही घरात बोललं गेलं नाही, पण पुढे अंगण वाकडं येतं हे दोघांनाही माहीत होतं. मास्तर न जेवता झोपले. म्हणजे आडवे झाले.

सकाळी स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आधीच येऊन बसला होता. मास्तरांचा जुना सोबती. काचेमागे बसून त्यानं मास्तरांना इतकं ऐकलं होतं की त्यांच्या खोकल्यावरून आज मूड कसा आहे ते ओळखायचा. बास जोडला, एक स्वर वाजवला, आणि रेकॉर्डिस्टनं कानावरचा हेडफोन उचलून बघितलं.

‘‘हे काय?’’

‘‘जावई,’’ मास्तर म्हणाले. याहून जास्त सांगायची त्यांची तयारी नव्हती.

संगीतकार आला. सुरुवात घेतली. मास्तर कपाळाला आठ्या घालून वाजवत होते, पण सुरुवात चांगली झाली. ती संथ होती, मोजके स्वर होते. संगीतकार मान वर करून म्हणाला, ‘‘अरे वा, हा आवाज कुठून काढलात?’’ मास्तरांना वाटलं, चेष्टा करतोय.

मग मधला तुकडा.

पहिल्यांदा अडकला. मास्तर म्हणाले, ‘‘तारा.’’ दुसऱ्यांदा अडकला. ‘‘उंची बरोबर नाही बसली.’’ पेचकस काढला, उंची बदलली. पुन्हा अडकला. खुर्ची बदलली. वायर बदलली. एसी बंद करायला लावला, बोटं गार पडतायत म्हणून. सगळे अदबीनं ऐकत होते, कुणी एक शब्द बोलत नव्हतं, आणि त्या अदबीनंच मास्तरांचं डोकं आणखी फिरत होतं. अरे, चिडा तरी! कुणीतरी म्हणा, की मास्तर, काय लावलंय हे! पण नाही. ‘‘होतं हो मास्तर. घ्या तुमच्या सवडीनं.’’ शेवटी संगीतकार चहा सांगून येतो म्हणाला आणि बाहेर गेला.

रेकॉर्डिस्टनं काचेमागून बटण दाबलं. त्याचा आवाज मास्तरांच्या कानात आला, हळू, समजुतीचा. ‘‘मास्तर, नका त्रास करून घेऊ. तेवढं मी बघतो नेहमीसारखं.’’

‘‘नेहमीसारखं म्हणजे?’’

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट समोरची एक कळ उगाच वरखाली करायला लागला.

‘‘काय रे? नेहमीसारखं म्हणजे काय?’’

रेकॉर्डिस्टनं बटणावरचं बोट काढलं. मास्तर बास गळ्यात तसाच ठेवून दार ढकलून आत गेले. रेकॉर्डिस्ट खुर्चीत मागे सरकला. मग म्हणाला, ‘‘मास्तर, बसा. रागावू नका. बरेच दिवस झाले. तुमच्या करंगळीचे स्वर नीट पडत नाहीत. म्हणजे संथ असलं तर पडतात. जलद आलं की नाही पडत. मग मी तुमच्या खाली कीबोर्डचा बास लावतो. हलकेच. कुणाला काही कळत नाही.’’

‘‘माझ्या खाली? कीबोर्ड?’’

‘‘तुमचा तो जुना आवाज इतका बसका, मास्तर, की त्याच्याखाली काहीही लपायचं. आज मात्र...’’ त्यानं हात पसरले. ‘‘आज या तारांत मिसळतच नाही हो. करून बघितलं मी तुम्ही वाजवत होता तेव्हा. वेगळं ऐकू येतं.’’

मास्तरांनी संगीतकार गेला त्या दाराकडे बोट केलं. ‘‘साहेबांना माहीत आहे हे?’’

रेकॉर्डिस्ट हेडफोनची वायर गुंडाळायला लागला.

‘‘माहीत आहे?’’

‘‘साहेबांनीच सांगितलं होतं पहिल्यांदा. म्हणाले, मास्तरांना कळू देऊ नकोस, वाईट वाटेल त्यांना.’’

आता वाईट वाटायचं काही राहिलं होतं का? मास्तरांना एकेक गाणं आठवायला लागलं. गेल्या एक-दोन वर्षांतली गाणी, जी ऐकताना त्यांनी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली होती. हे कसं वाजवलं बघ, अजून हात आहे म्हातारड्याचा! आणि ते वाजवलं होतं कुणी? याच्या बटणांनी! संताप असा आला की कुणावर काढावा तेच समजेना. याच्यावर? यानं झाकलं. साहेबावर? त्यानं सांभाळलं. जावयावर? त्यानं तर तारा पुसल्या फक्त. सगळी दुनिया भली निघाली होती, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना खुळ्यात काढलं होतं.

‘‘मग हे माझ्यासाठी लिहिलंय म्हणाला, ते?’’

‘‘तुमच्यासाठीच लिहिलंय. मनापासून. म्हणाले, होईल तेवढं मास्तर वाजवतील, उरलेलं आपण बघू.’’

‘‘दया!’’ मास्तर म्हणाले. ‘‘दयेवर वाजवतोय मी!’’

रेकॉर्डिस्टनं मान खाली घातली.

‘‘लाव. माझं एकट्याचं लाव. आत्ताचं.’’

त्यानं लावलं. ढोल काढले, गायिकेचा आवाज काढला, सगळं काढून नुसता बास. स्वच्छ, धुतलेल्या काचेतून दिसावं तसं सगळं ऐकू येत होतं. पहिलं बोट ठीक. दुसरं ठीक. आणि करंगळी येते तिथे स्वर पडायच्या आधीच दमलेला. तार पूर्ण दाबली जात नव्हती. म्हणून खर्र होत होतं. उंचीमुळे नाही, वायरमुळे नाही, एसीमुळे नाही.

‘‘मागच्या वर्षीचं काहीतरी लाव. तुझा कीबोर्ड काढून.’’

‘‘कशाला, मास्तर...’’

‘‘लाव म्हणतो ना!’’

लावलं. जुन्या तारांचा तो बसका, गोल, लाडका आवाज. आणि त्याच्या आत, नीट कान देऊन ऐकलं तर, करंगळीच्या जागी नुसतं धप्प. स्वर नव्हताच. जागा होती फक्त. मास्तरांनी हातानंच बंद कर अशी खूण केली.

संगीतकार चहा घेऊन आला तेव्हा मास्तर बास पेटीत ठेवायला निघाले होते. त्याला बघून थांबले. संगीतकारानं रेकॉर्डिस्टच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काय ते समजला.

‘‘मास्तर, मी सांगणार होतो...’’

‘‘सांगितलं नाहीत. आता नका सांगू,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तो मधला तुकडा काढा.’’

‘‘काढून कसं चालेल? सगळे थांबतात तिथे. गायिकेचं, बाकीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग होऊन गेलंय. गाण्यात भोक पडेल.’’

‘‘भोक पडू दे.’’

‘‘मास्तर, रागाच्या भरात...’’

‘‘रागातच आहे मी! राग यायला नको का?’’ असं म्हणून मास्तर पुन्हा आत गेले, खुर्चीत बसले, घोडीपाशी खुपसलेला तो स्वयंपाकघरातला स्पंज उपसून जमिनीवर फेकला आणि म्हणाले, ‘‘त्याच्या आधीपासून चालू करा.’’

गाणं सुरू झालं. बाकीची सगळी वाद्यं थांबली. मास्तरांनी सगळ्यात जाड तारेवर एकच स्वर वाजवला, पहिल्या बोटानं दाबून, आणि हात तिथेच ठेवला. जुनी तार असती तर तो स्वर लगेच विझला असता. हा विझेना. घुमत राहिला, हळूहळू बारीक होत गेला, आणि पुरता संपायच्या आत गायिकेचा आवाज येऊन त्याला भिडला.

संगीतकारानं चहाचा कप खाली ठेवला. ‘‘हेच ठेवू,’’ तो म्हणाला. ‘‘मास्तर, खरं सांगतो, मी लिहिलं होतं त्याच्यापेक्षा...’’

‘‘नका सांगू म्हटलं ना,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आणि याच्याखाली काही लावायचं नाही. वाजलं तर माझं, नाही वाजलं तर तेही माझंच.’’

रेकॉर्डिस्टनं मान हलवली.

तुम्हाला वाटेल, मास्तरांना आनंद झाला असेल. छे! पळण्याच्या शर्यतीला गेलेल्या माणसाला, तुम्ही बसता छान, म्हणून बक्षीस दिलं तर त्याला कसं वाटेल? रोज घासलेला तो तुकडा, ज्यासाठी सगळा खटाटोप होता, तो गाण्यातून गेला होता आणि त्यांनीच तो घालवला होता. एक स्वर वाजवायला एवढं आयुष्य लागतं का? तो तर हॉटेलातल्या म्होरक्यानं बास हातात दिला त्या दिवशीही वाजवता आला असता. असं काहीबाही मनात येत होतं, आणि ते खरं नव्हतं हेही कळत होतं, म्हणून जास्तच चीड येत होती.

स्टुडिओच्या पायऱ्यांवर बास टेकवून ते रिक्षाची वाट बघत उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. जावई.

‘‘बाबा, झालं का रेकॉर्डिंग? कसं झालं?’’ मग जरा घुटमळून, ‘‘आईंचा फोन होता हिला सकाळी. मी तारा बदलल्या ते चुकलं का हो? मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. गिटारच्या बदलतात म्हणून...’’

आदल्या रात्रीपासून मास्तरांनी याच्यासाठी एकेक शब्द धार लावून ठेवला होता. अक्कल, आगाऊपणा, उंटावरचा शहाणा, सगळं ओळीनं तयार होतं. आता समोरूनच विषय निघाला होता, अदब सोडायला आयती संधी होती. तोंड उघडलं आणि त्यातून त्यातलं काहीच आलं नाही.

‘‘तारांचं काही नाही हो, जावईबापू. तारा चांगल्या आहेत,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माझी करंगळी गेली.’’

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. जावई काही गाण्यातला माणूस नव्हता. झाकायचं कसं, सांभाळून घ्यायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ विचारलं, ‘‘कधीपासून, बाबा?’’

‘‘लेकीच्या लग्नाच्या आधीपासून,’’ मास्तर लगेच म्हणाले. ‘‘सकाळी उठलो की ती वाकडीच असायची. मी दुसऱ्या हातानं सरळ करायचो, तुमच्या सासूबाई उठायच्या आत.’’

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय बोललो ते. समोर रिक्षा येऊन उभी राहिली होती. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी मास्तर फोन कानाला लावून तसेच उभे होते.